फेस (मोरोक्को): पहिली रात्र अशीच जाते का, का आम्हीच बावळट?

कसबा_टू_कुठेही (गुरुवार, रात्री ११:४०)

मंडळी, फेसहून लिहितेय. हो, तेच फेस, ज्याच्या नावावरून ती लाल गोंड्याची टोपी. मी आणि आई, आईचं वय ७१, गुडघे भरवशाचे नाहीत पण हौस दांडगी.

काल संध्याकाळी कासाब्लांकाहून ट्रेनने आलो, चारेक तास, मधे रबात आणि मेकनेस लागतं, गाडी स्वच्छ, वेळेवर, समोरच्या बाईंनी आईच्या हातात न विचारता खजूर ठेवले, तोपर्यंत सगळं छान. स्टेशन नव्या शहरात आहे, फ्रेंचांनी वसवलेलं, रुंद रस्ते, कॅफे, ताडाची झाडं. तिथून लाल टॅक्सीने बाब बू जलूद या दरवाजापाशी उतरलो, कारण पुढे जुन्या शहरात (इथे मदिना म्हणतात) गाडी जातच नाही. अंधार पडलेला, पाऊस भुरभुरतोय, दोन बॅगा, आणि गुगल मॅपवरचा निळा ठिपका आम्हाला कोणाच्या तरी गच्चीवर उभं दाखवतोय.

तेवढ्यात एक पोरगा आला, सोळा-सतरा वर्षांचा. "मॅडम, रोड क्लोज्ड. युवर रियाद धिस साइड." (रियाद म्हणजे जुन्या घरात केलेलं हॉटेल.) मी नको नको म्हणेपर्यंत आईची बॅग त्याच्या हातात. मग जे चाललो, डावीकडे उजवीकडे, एका ठिकाणी बोळ इतका अरुंद की बॅग आडवी करून पुढे सरकवावी लागली, वर छत, आत काळोख, वीसेक मिनिटं. दारात पोचल्यावर २०० दिरहम मागितले, म्हणजे अठराशे रुपयांच्या आसपास! मी भांडले, तो ओरडला, शेवटी १०० देऊन सुटले. आणि आज सकाळी कळलं की दरवाजापासून आमचं रियाद चार मिनिटांवर आहे. सरळ. एक वळण.

मधेच मागून कोणीतरी "बलाऽक, बलाऽक" ओरडत होतं, मला वाटलं कोणाला तरी नावाने हाका मारतायत, आणि वळून बघते तर खेचर, दोन्ही बाजूंना गॅसचे सिलिंडर लादलेले, उतारावरून थेट आमच्या अंगावर. आईला एका माणसाने कोपराला धरून त्याच्या दुकानाच्या उंबऱ्यावर ओढून घेतलं. खेचर गेलं, माणूस काही न बोलता आत गेला. आई रात्री एवढंच म्हणाली, त्याच्या हाताला तुपाचा वास होता.

आज दिवसभरात तीन वेळा हरवलो आणि एकदा "कुठे नेतोय" हे न सांगता एकाने थेट चामड्याच्या दुकानात नेऊन उभं केलं. आई म्हणतेय उद्या मी खोलीतच बसते, तू जा. अजून तीन दिवस आहेत. ज्यांनी फेस बघितलंय त्यांनी खरं खरं सांगा, सगळ्यांची पहिली रात्र अशीच जाते का?

नंदुरबारी (रात्री ११:५८)

कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही असं दिसतंय एकंदरीत. १०० दिरहम गेले ते सोडा ताई, सिलिंडरवाल्या खेचराचा फोटो काढला का?

कासाकर (शुक्रवार, सकाळी ६:१५)

ताई, बावळट वगैरे काही नाही. मी कासाब्लांकात सहा वर्षं नोकरी करतोय, फेसला दहा-बारा वेळा गेलो असेन आणि पहिल्या वेळी मलाही त्याच "रस्ता बंद"ने फिरवलं होतं. रस्ता कधीही बंद नसतो. ते वाक्य कानावर पडलं की समजायचं हा माणूस बॅगेकडे बघतोय. फेसला पहिला तास वाईट जातो तो ह्या एका गोष्टीमुळे. रियादवाल्यांना आधी फोन केला असता तर त्यांनी दरवाजापाशी माणूस पाठवला असता, जवळपास सगळे पाठवतात. हे बुकिंगच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे, कोणी लिहीत नाही.

आता उरलेल्या तीन दिवसांसाठी.

नकाशा बंद करा आणि पायाला विचारा. जुनं फेस म्हणजे वाटी आहे. तुमचा दरवाजा वरच्या काठावर, आणि करावियीन मशीद, बाजार, नदी सगळं तळाशी. दरवाजातून दोन मोठ्या वाटा खाली उतरतात, तला कबीरा आणि तला स्गीरा, मोठी चढण आणि धाकटी चढण. उतार लागला तर मध्यभागाकडे चाललात, चढ लागला तर घराकडे. आईंना सांगा, उतरताना पायी, आणि परत येताना चढायचं नाही, तळाशी र्सीफ म्हणून चौक आहे, तिथपर्यंत गाड्या येतात, तिथून टॅक्सी करून दरवाजापाशी यायचं. मीटर टाकायला सांगा. रात्री आठनंतर दर दीडपट होतो, ती फसवणूक नाही, नियम आहे. तीनच माणसं घेतात.

गल्लीत कोणी मागे लागला तर "ला, शुक्रन" (नको, धन्यवाद) म्हणायचं आणि चालत राहायचं. थांबून, हसून, नम्रपणे नाही म्हणणं हा आपला मराठी मध्यमवर्गीय आजार आहे, तिथे त्याचा अर्थ "अजून थोडं बोला" असा होतो. रस्ता विचारायचा तर दुकानात बसलेल्या म्हाताऱ्याला विचारा, रिकाम्या उभ्या असलेल्या पोराला नाही. दुकानदार दुकान सोडून येऊ शकत नाही, हीच त्याची खात्री.

आणि आज शुक्रवार. दुपारनंतर बहुतेक दुकानं बंद. लोक म्हणतात शुक्रवारी फेसला काही बघायला नाही. माझं म्हणणं उलटं आहे, शुक्रवारीच आईंना बाहेर काढा. माल नाही, गर्दी नाही, खेचरं कमी, भिंती दिसतात.

एकटी_बाहेर (सकाळी ९:०५)

मी थोडं वेगळं लिहिणार आहे, राग मानू नका.

दोन वर्षांपूर्वी मी एकटी गेले होते, चार दिवस, आणि मला फेस आवडलं नाही. "गोंधळातही एक जादू आहे" वगैरे सगळीकडे वाचून गेले होते म्हणून जास्तच चीड आली. एक माणूस पंधरा मिनिटं मागे चालत होता, थांबले की थांबायचा. कॅफेत बसायला गेले तर सगळ्या खुर्च्या रस्त्याकडे तोंड करून आणि सगळ्यांवर पुरुष. चामडं कमावायची कुंडं एका दुकानाच्या गच्चीवरून बघितली, काही घेतलं नाही, तर जिना उतरताना दुकानदाराने जे ऐकवलं ते भाषा न कळताही कळलं. कासाकर, तुम्ही पुरुष आहात आणि तुम्हाला आता त्यांची भाषा येते, "चालत राहायचं" हे तुम्हाला सोपं आहे.

त्याच प्रवासात पुढे ट्युनिसला गेले. तिथलीही मदिना जुनी, तिथेही बाजार, पण माझ्या मागे कोणी लागलं नाही, पायऱ्यांवर बसून एका आजींबरोबर निवांत बदाम खाल्ले. त्यामुळे उत्तर आफ्रिका म्हणजे असंच, हे मी मान्य करणार नाही. फेसचं फेसने बघावं.

सांगायचं इतकंच की पहिली रात्र वाईट गेली तर ती वाईटच गेली, नंतर शहर आवडलं म्हणून ती गोड मानून घ्यायची गरज नाही.

कासाकर (सकाळी ९:३०)

एकटी_बाहेर, मान्य. "चालत राहा" हा सल्ला माझ्या अंगाला बसणारा आहे, सगळ्यांच्या नाही. अधिकृत गाइडकडे बिल्ला असतो, पर्यटन पोलीसही साध्या कपड्यात फिरतात, पण तुम्ही म्हणताय ते त्याने पुसलं जात नाही हे खरंय.

मिसळ_एक्स्ट्रा_तर्री (सकाळी १०:१२)

तुम्ही शाकाहारी आहात का? काय खाताय? बाकीचं नंतर वाचतो.

कसबा_टू_कुठेही (शुक्रवार, रात्री १०:२०)

एकटी_बाहेर, तुझं पटलं गं. माझ्याबरोबर आई आहे म्हणून लोक निदान सांभाळून बोलतात हे मला आज नीट जाणवलं. मी दहा पावलं पुढे गेले की आवाज सुरू, आई शेजारी आली की "वेलकम, मामा, वेलकम". हा फरक मी आधी पकडला नव्हता.

कासाकर, तुमचं ऐकून आईला बाहेर काढलं. शटरं खाली, गल्ल्या रिकाम्या, आणि आई चालता चालता म्हणते, अगं, हे वाडेच आहेत. खरंच तसंय. बाहेरून निव्वळ भिंत, खिडकी नाही, दार साधं, आणि ते किलकिलं असलं की आत चौक, मधे कारंजं, भोवती खांब, वर आकाशाचा चौकोन. आमचं रियाद म्हणजेही जुना वाडाच, फक्त खोल्यांना न्हाणीघरं जोडलेली. थंडीत मात्र बेकार, चौक उघडा, फरशी बर्फ, आई दोन मोजे घालून झोपलीये.

तुम्ही म्हणता तो दरवाजा, बाहेरून निळा, आतून हिरवा, त्याचे पन्नास फोटो काढले आणि मग कळलं की तो १९१३चा आहे, फ्रेंच आल्यानंतरचा. आपला गेटवे १९२४ला पुरा झाला, म्हणजे त्याच पिढीतला. बाराशे वर्षांच्या शहराची सगळ्यात जास्त फोटो निघणारी वस्तू ही. पण आत गेल्यावर बू इनानिया मदरसा बघितला, १३५०च्या दशकातला, ती मात्र चीज आहे, खाली टाइल्सची नक्षी, त्यावर गिलाव्यात कोरलेली अक्षरं, त्यावर देवदाराचं कोरीव लाकूड, आणि खालून वर जाताना काम बारीक बारीक होत जातं. करावियीनमध्ये आपल्याला जाता येत नाही, इथल्या मशिदींत मुसलमानेतरांना प्रवेश नाही, दारातून डोकावलो. ८५९ साली फातिमा अल-फिह्री नावाच्या बाईने ती बांधवून घेतली असं मानतात. आई दारात बराच वेळ उभी होती. एक पहारेकरी आला, मला वाटलं हाकलतोय, तर तो आईला म्हणाला जरा इकडून बघा, इथून अंगण दिसतं.

मिसळवाले, हो, शाकाहारी, आणि उपाशी अजिबात नाही. इथे झालूक म्हणून प्रकार मिळतो, वांगं-टोमॅटोचं भरीत, लसूण-जिरं, वरून ऑलिव्हचं तेल, आईने दोनदा मागून घेतलं. बिसारा म्हणजे सुक्या बाकल्याच्या डाळीचं दाट गरम कढण, ते सकाळी गल्लीत उभ्याने प्यायचं, वर तेल आणि जिरेपूड. म्सेमेन म्हणजे चौकोनी घडीची पोळी, तव्यावर भाजलेली, मधाबरोबर. हरीरा सूपमध्ये बऱ्याचदा मटण असतं, विचारून घ्या. शुक्रवारी घरोघरी कुसकुस असतो, वर सात भाज्या, पण भाज्या शिजवलेलं पाणी मटणाचं असू शकतं, ते आम्ही टाळलं. पुदिन्याचा चहा इतका गोड की आईच्या डॉक्टरांनी हा धागा वाचू नये.

आणि एक बघितलं ते सांगते. डोक्यावर फळी, फळीवर कापड, कापडाखाली कणकेचे गोळे, असा सात-आठ वर्षांचा मुलगा पळत चाललेला. घरी मळलेली भाकर गल्लीच्या भट्टीत भाजायला नेतात. भट्टीवाल्याकडे कसलीही चिठ्ठी-बिठ्ठी नाही, कोणती भाकर कोणाच्या घरची हे तो बघून ओळखतो. मी पाच मिनिटं उभी राहिले, एकाचीही अदलाबदल झाली नाही.

कापशीवाला (शुक्रवार, रात्री ११:०२)

चामड्याच्या कुंडांबद्दल नीट कोणी लिहिलंच नाही. सगळे नाकाला पुदिना लावून फोटो काढून येतात. माझं घराणं कोल्हापूरचं, चपलांचा धंदा, मी मुद्दाम दोन दिवस शुवाराची ही कुंडं बघायला गेलो होतो.

तिथे दोन प्रकारची कुंडं आहेत, पांढरी आणि रंगाची. पांढऱ्यात चुना, आणि कबुतराची विष्ठा. कच्चं कातडं आधी चुन्यात ठेवलं की केस सुटतात, मग विष्ठेच्या पाण्यात, त्यातल्या अमोनियाने कातडं मऊ पडतं. जो वास तुम्हाला येतो तो मुख्यतः ह्याचा. मग रंगाच्या कुंडात माणसं मांडीपर्यंत उतरून तुडवतात. लाल, निळा, मेंदीचा तांबूस. पिवळं कातडं केशराने रंगवतात असं प्रत्येक दुकानदार सांगतो, त्या भावात बाबूश (तिथली चामडी सपात) कशी परवडते हे मात्र सांगत नाही. :)

आपल्याकडे कोल्हापुरीचं कातडं बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावतात, वास असतो पण वेगळा. मी खाली उतरून एका कामगाराच्या पायांकडे बघितलं. गुडघ्याखाली कातडी वेगळ्याच रंगाची. वरच्या गच्चीवर गाइड सांगत होता, शतकानुशतकं असंच चालू आहे. त्या माणसाला हे कौतुक वाटत असेल का मला माहीत नाही. मी विचारलं नाही, विचारायची भाषा नव्हती, आणि असती तरी कदाचित नसतं विचारलं.

गच्ची फुकट नसते, दुकानातून जावं लागतं. काही घ्यायचं नसेल तर आधीच दहा-वीस दिरहम देऊन वर जा, एकटी_बाहेर यांना ऐकून घ्यावं लागलं ते टळतं. बरोबर आहे असं नाही, पण टळतं.

प्राचीन_पण_तरुण (शनिवार, सकाळी ७:४०)

बू इनानियाचा उल्लेख आला म्हणून राहवत नाही. ती बांधणारा सुलतान अबू इनान, मरिनी घराण्यातला. ह्याच अबू इनानच्या सांगण्यावरून इब्न बतूताने आपला प्रवास सांगितला आणि इब्न जुझय्यने तो लिहून काढला, हे काम फेसच्या दरबारातलं, १३५५च्या शेवटी पुरं झालं. म्हणजे वर गिलाव्यात अक्षरं कोरली जात होती त्याच सुमाराला त्याच गावात एक माणूस महंमद तुघलकाच्या गोष्टी सांगत बसला होता.

आणि त्यात आपण आहोत. तो दौलताबादला येऊन गेलेला. तिथल्या द्राक्षांना आणि डाळिंबांना वर्षात दोनदा बहर येतो असं सांगतो, किल्ल्यातल्या तळघरात मांजरांपेक्षा मोठे उंदीर आहेत असं सांगतो, तिथल्या माणसांना मराठे म्हणतो. पुढे तो नंदुरबारला गेला. छोटं गाव, वस्ती मराठ्यांची, हाताच्या कारागिरीत हुशार, त्यांच्यात वैद्य आणि ज्योतिषी आहेत, भात, भाज्या आणि तिळाचं तेल हे त्यांचं खाणं.

नंदुरबारी (सकाळी ७:५२)

काय सांगता!!! आमचं नंदुरबार? फेसमध्ये लिहिलंय? मी रात्री इथे पायपोसचे विनोद करत होतो आणि तिकडे साडेसहाशे वर्षांपूर्वीच आमची नोंद झालेली. प्रिंट काढून आजोबांना देतो. ते वैद्यच होते.

मिसळ_एक्स्ट्रा_तर्री (सकाळी ८:१०)

भात, भाज्या, तिळाचं तेल. म्हणजे तेव्हा तुमच्याकडे मिरची नव्हती. आता खानदेशी ठेचा खाऊन गेला असता तर वर्णन वेगळं असतं.

मुंबईतच_बरा (सकाळी ८:४५)

वाडा, गेटवे, कोल्हापूर, नंदुरबार, ठेचा. तुम्ही लोक आफ्रिकेत जाता कशाला? जे दिसेल त्याला "हे आपल्यासारखंच" म्हणायचं असेल तर डेक्कन क्वीन पकडा, स्वस्त पडेल.

कासाकर (सकाळी ९:२०)

मुंबईतच_बरा, टोमणा छान आहे आणि अर्धा बरोबरही. म्हणून जे आपल्यासारखं नाही ते एक सांगतो. हे शहर निर्वासितांनी घडवलंय. नदीच्या एका तीरावर नवव्या शतकात कॉर्डोबाहून, म्हणजे तेव्हाच्या मुसलमानी स्पेनमधून (अंदलूस), हाकलली गेलेली कुटुंबं आली, दुसऱ्या तीरावर कैरवानची, म्हणजे आताच्या ट्युनिशियातली. म्हणून एका बाजूचं नाव अंदलूस, दुसऱ्या बाजूचं करावियीन. पुढे स्पेनमधून मुसलमान आणि ज्यू दोघंही आले. फेसच्या माणसाला मोरोक्कोतले बाकीचे लोक थोडे शिष्ट समजतात, आणि फेसच्या माणसाला त्यात काही वावगं वाटत नाही.

(आता कोणी पुण्याचं नाव घेतलं तर मी धागा सोडून जाईन.)

कसबा_टू_कुठेही (शनिवार, रात्री ९:४५)

सॉरी कासाकर, पुणं येणारच आहे, इलाज नाही.

सकाळी उतार पकडून खाली गेलो. करावियीनच्या मागे जायचं होतं, मी परत फोन काढला तर आई थांबली आणि म्हणाली, गप, ऐक. मला काही ऐकू येईना. ती म्हणाली डावीकडे. मग उजवीकडे. मग एका कमानीखालून. आणि मग मलाही ऐकू आलं, ठाक ठाक ठाक, दोन-तीन वेगवेगळ्या पट्टीतले ठोके एकावर एक. बाहेर आलो तर चौक, मधे झाड, आणि कडेला माणसं जमिनीवर बसून तांब्याची भांडी ठोकतायत. सफ्फारीन. दोन दिवस मी नकाशा धरून ज्या चौकाभोवती फिरत होते तो आईने कानाने तीन मिनिटांत काढला.

आमचं घर तांबट आळीला लागून. आईचं सगळं लहानपण त्या आवाजात गेलं, अभ्यास, दुखणी, आजीचे तेरा दिवस, सगळं. आता तिथे तो आवाज पूर्वीसारखा येत नाही, आठ-दहा वर्षांत मी स्वतः किती वेळा ऐकला असेल सांगता येत नाही.

ती सरळ एका म्हाताऱ्या कारागिरासमोर जाऊन उभी राहिली. मोठा हंडा होता, लग्नात जेवण रांधतात तसला, उपडा घातलेला. त्याने वर बघितलं, काही बोलला नाही, पायाने एक स्टूल ढकललं. ती बसली. दीड तास. मी चहा आणला, दोघांनी घेतला, कोणी कोणाशी बोललं नाही, म्हणजे बोलायची भाषाच नाही.

आई मला हळूच सांगत होती, हे मठारतायत बघ. मठारकाम म्हणजे भांडं घडवून झाल्यावर वरून एकसारखे ठोके देतात ते, चकाकी येते आणि पत्रा कडक होतो. आमच्याकडे ठोके गोल, नाण्यासारखे पडतात, ह्यांचे लांबट आहेत, हातोड्याचं तोंड वेगळं असणार. (मुंबईतच_बरा, हे घ्या, हे आपल्यासारखं नाही.) मधेच म्हणाली, तिथे राहिलंय. मला काही दिसेना. चार-सहा ठोके झाल्यावर म्हाताऱ्याने थांबून हंड्यावरून तळवा फिरवला, मागे आला आणि बरोबर तिथे दोन ठोके दिले. आई नुसती "हां" म्हणाली. तो हसला की नाही मला नक्की सांगता येणार नाही, मिशी मोठी होती.

नाही, त्याने तिला हातोडा वगैरे दिला नाही, ते सिनेमात होतं. निघताना तिने एका छोट्या पातेल्यात बोट घालून आत कल्हई बघितली, नखाने खरवडून बघितली, त्याने ते बघितलं, आणि जी किंमत मला सकाळी दुसऱ्या दुकानात सांगितली होती त्याच्या निम्मी तिला बोटांवर दाखवली. तिने त्यातूनही कमी केले. पातेलं आता माझ्या हँडबॅगेत आहे, विमानतळावर काय होतंय बघू.

एकटी_बाहेर (शनिवार, रात्री १०:०८)

मी त्या चौकातून दोनदा गेले होते. दोन्ही वेळा मान खाली घालून, भराभर. काकूंना नमस्कार सांग.

प्राचीन_पण_तरुण (रात्री १०:३०)

तुम्ही कान म्हणालात म्हणून. अत्तारीन बाजार बघितलात ना? ते आपलं अत्तर. सराफ, दलाल, हमाल, कुलूप, हिशेब, दुकान, हे सगळे शब्द अरबीतून फारसीची वाट धरून आपल्याकडे आले. कान देऊन बसलात तर गल्लीत ओळखीचे शब्द सापडतील.

आणि नंदुरबारी, तुमच्यासाठी खास. तिथल्या बिनटाचेच्या पिवळ्या चामडी सपाता, बाबूश, हा शब्द मूळ फारसी पापोश. पा म्हणजे पाय, पोश म्हणजे झाकणारं. आपला पायपोस तोच. तुमची पहिली कॉमेंट परत वाचा.

नंदुरबारी (रात्री १०:३४)

म्हणजे मी फेसच्या गल्लीत फेसचीच चप्पल फेकून मारली.

कापशीवाला (रात्री १०:४०)

बाबूश घेणार असाल तर तळ वाकवून बघा. पुठ्ठा असेल तर कडक वाजतो. शिवण हाताची असेल तर टाके थोडे कमी-जास्त असतात. आणि बकरीचं कातडं मागा, मेंढीचं पातळ, लवकर फाटतं. रंगीत घेतलीत तर पहिले काही दिवस पांढरे मोजे नको.

कसबा_टू_कुठेही (रविवार, सकाळी ८:०५)

उद्या निघतोय, मेकनेसला एक रात्र, मग कासाब्लांका. उरलेले दिरहम खर्चून टाकायचेत, देशाबाहेर फार नेता येत नाहीत.

पहिल्या रात्रीचा तो पोरगा आत्ता भेटला, दरवाजापाशी. मला ओळखलंन. मी ताठ मानेने "ला, शुक्रन" म्हटलं. तो मला सोडून आईला म्हणाला, "मामा, रोड ओपन टुडे." आई इतकी हसली की तिला भिंतीला टेकून उभं राहावं लागलं. मला अजून राग आहे, नोंद असावी.

बाबूश घ्यायला चाललोय. आईला पिवळी हवीये. आणखी कोणाला हवी असेल तर पायाचा नंबर टाका, बॅगेत पातेल्याच्या आत दोन जोड बसतील.

नंदुरबारी (सकाळी ८:०७)

नऊ नंबर. आजोबांसाठी. पिवळीच.

मुंबईतच_बरा (सकाळी ८:३१)

आठ. रंग कुठलाही चालेल. पैसे जीपे करतो.